उंबऱ्यावरचं ताट

तुला मी कधी हाक मारली नाही, म्हणून हे पत्रही हाकेशिवायच सुरू करते. मी सात वर्षांची असताना आई गेली आणि वर्षाच्या आत बाबांनी तुला घरात आणलं. त्यानंतर सतरा वर्षं आपण कोन गावच्या त्या घरात एकत्र राहिलो, आणि त्या सतरा वर्षांत मी अशी वाक्यं जुळवायला शिकले की ज्यांत तुला काही म्हणावंच लागू नये. "भात झालाय काय?" "बाबा बोलवतायत." "इहिरीवर कोन जानार हाय?" ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगी भिंतीशी बोलते. तू मात्र माझ्या प्रत्येक वाक्याला "ओ" द्यायचीस. तू जाऊन एकतीस वर्षं झाली. आज मी तुझ्या तेव्हाच्या वयापेक्षा दहा वर्षांनी मोठी आहे, आणि गुडघ्यांना विचारशील तर वीस वर्षांनी.

लिहायचं कारण एक कुत्रा आहे. हसू नकोस. दीड वर्षापूर्वी चुलतभावाच्या मुलीच्या साखरपुड्याला मी कोनला गेले होते. आपलं खळं होतं तिथे आता टॉवर उभा राहतो आहे. तिथल्या मजुरांच्या झोपड्या हलवल्या होत्या, आणि मागे राहिलेल्या पत्र्यांच्या आडोशाला हा तारेने बांधलेला होता. तार मानेत रुतली होती. नवी साडी नेसून मी तिथे मातीत बसले आणि साखरपुडा माझ्याशिवाय झाला. चुलतभाऊ अजून त्यावरून बोलून दाखवतो. जनावरांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना फोन करून बोलावलं. त्यांनी तार कापली, मान शिवली. टाके सुबक होते, माझा धंदाच शिवणकामाचा, मला कळतं. टाके वाळेपर्यंत त्याला आपल्याकडच्या पिंजऱ्यात ठेवलं, मग मला म्हणाल्या, "पंधरा दिवस तुमच्याकडे ठेवा, तोवर घर शोधू." त्या पंधरा दिवसांचं दीड वर्ष झालं.

मी आता नवीन पनवेलला राहते. चार मजल्यांची जुनी इमारत, दुसरा मजला. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी पुण्याला असते. पुढच्या खोलीत मशीन आहे आणि दिवसभर बायका ब्लाउजची मापं द्यायला येतात. म्हणजे ज्या कुत्र्याला अनोळखी माणसाची सावली सोसत नव्हती, तो नेमका अशा घरात आला जिथे दर तासाला नवं माणूस. बेल वाजली की हा मशीनखाली. पायडलच्या मागे भिंतीला चिकटून बसायचा आणि थरथरायचा. पुष्कळदा तिथेच लघवी व्हायची. "चावतो का हो?" बायका दारातूनच विचारायच्या. मी म्हणायचे, "तो नाही चावत, तो तुम्हालाच घाबरतो." माझ्यावर मात्र त्याने महिनाभरात विश्वास टाकला. कशामुळे, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मी फक्त मान खाली घालून शिवत बसायचे, त्याच्याकडे बघायलाही मला वेळ नसायचा. एक दिवस पायाला काहीतरी ऊन ऊन लागलं, बघते तर त्याने माझ्या पावलावर हनुवटी ठेवली होती.

त्याला नाव मी मुद्दाम ठेवलं नाही. ज्याच्या घरी जाईल त्याने ठेवावं. पण जायला घर हवं आणि घरात माणूस हवा, आणि हा तर माणसाला बघून मुतणारा. त्यातच या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही गुडघे बदलावे लागतील. ऑपरेशन पुण्यात, नंतर तीन महिने तरी मुलीकडे. तिच्या घरी तान्हं बाळ, तिथे याला नेणं शक्य नाही. मी नसताना त्याला सांभाळणारं कुणी मिळालं नाही तर त्याची रवानगी पुन्हा डॉक्टरीणबाईंच्या पिंजऱ्यात होणार होती. सुरुवातीला टाके वाळेपर्यंत तो तिथे होता तेव्हा सहा दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. डॉक्टरीणबाई खोटी आशा लावणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, "या वेळी तो तिथे टिकेल असं मला वाटत नाही. चार महिने आहेत आपल्याकडे. एक माणूस, एकच, पण त्याने पसंत केलेलं."

तळमजल्यावर एक ड्रायव्हर राहतात. पनवेल ते पेण एसटीची लाल गाडी चालवण्यात त्यांचा जन्म गेला. मूळचे उरणकडचे, आता एकटेच, कंबर दुखते म्हणून हातात काठी, आणि आवाज असा की जिन्यातून बोलले तरी गच्चीवरचे पापड हलावेत. कुत्र्याचं ऐकून स्वतःहून वर आले. "ताई, आमी ठेवतो त्याला. आमाला तरी कोन हाय?" काठी, मोठा आवाज, पुरुष माणूस: त्याला ज्या ज्या गोष्टींची भीती, त्या सगळ्या या एका गृहस्थात एकत्र आल्या होत्या. पण दुसरं कुणी विचारायलाही आलं नव्हतं.

आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून ती चूक केली. आपल्याकडे माया करायची म्हणजे हाताने भरवायचं. बारसं असो, लग्न असो, हल्ली वाढदिवसाचा केक असो, दुसऱ्याच्या तोंडात कोंबल्याशिवाय आपलं प्रेम पुरं होत नाही. एका रविवारी दुपारी बिल्डिंगमधल्या बायका माझ्या घरी जमल्या. कुणी तूपपोळी आणली, कुणी कोंबडीचे तुकडे, आणि मध्ये ड्रायव्हर ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा घेऊन मांडी घालून बसले. सगळ्यांचे हात पुढे, सगळ्यांचं "ये रे, घे रे, शहाणा ना तू." वासाने तो मशीनखालून निघाला. पोट जमिनीला घासत, मान लांब करून पुढे आला. ड्रायव्हरांच्या हातातलं बिस्किट तोंडात धरलं आणि वर बघितलं तर भोवती माणसंच माणसं. कडकन अंगठ्याला चावला. बायका किंचाळल्या, तूपपोळी लादीवर पडली, तो आत पळाला. ड्रायव्हर रक्त दाबून धरत म्हणाले, "चावला तं चावला. एवढी मानसं माझ्या तोंडात घास कोंबाया बसली असती तं मी पन चावलो असतो." त्यांना रिक्षात घालून सुई टोचायला नेलं तेव्हा रस्ताभर माझ्या डोळ्यांपुढे दुसराच अंगठा होता. तुझा.

तू घरात आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. आळीतल्या बायका ओटीवर जमल्या आहेत. तुला पाटावर बसवलंय, मला ओढून तुझ्यासमोर. कुणीतरी तुझ्या हातात भात आणि कोलंबीचं कालवण कालवून दिलंय. "घे गो, आयशीच्या हातचा घास घे. घेतल्याबिगर उठायचं नाय." तुझी बोटं माझ्या तोंडाशी येतात. लग्नाआधी तू मिठागरात कामाला होतीस, खाऱ्या पाण्याने बोटांची कातडी चिरून चिरून जाड झाली होती, आणि शेजारच्या म्हातारीने मला सांगून ठेवलं होतं की सावत्र आई चिमटे काढते. मी या बोटांकडे बघत होते आणि मला तेवढंच आठवत होतं. मी चावले. भाताच्या घासासकट तुझा अंगठा चावले, रक्त येईस्तोवर. बायका माझ्यावर तुटून पडल्या, बाबांचा हात वर गेला. तू अंगठा पदरात गुंडाळून उठलीस आणि बाबांच्या आणि माझ्या मधे उभी राहिलीस. त्यानंतर कधीही, सतरा वर्षांत कधीही, तू माझ्याजवळ हात आणला नाहीस.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या आणि आम्हा सगळ्यांची हजेरी घेतली. "हातातून भरवणं आजपासून बंद. खाऊ त्याच्याकडे फेकायचा नाही, त्याच्या पाठीमागे फेकायचा." ड्रायव्हर म्हणाले, "पाठीमागं? मंग तो माझ्याकडं येल कसा?" त्या म्हणाल्या, "नाही येणार. तुमच्यापासून लांब जाऊन खाईल. खाऊही मिळतो आणि सुटकाही मिळते हे त्याला कळू दे. तुम्ही बसायचं, त्याच्याकडे बघायचं नाही, पाठ करून बसायचं." ड्रायव्हरांना ते पटेना. पाठ करून काय माया करायची? मग स्वतःशीच म्हणाले, "म्हंजे बेल त्यानं द्यायची."

मला कळलं नाही तसं त्यांनीच फोड करून सांगितली. गाडी भरलेली असो, रिकामी असो, ऊन मी म्हणत असो, प्रवासी शिव्या घालत असोत. मागून कंडक्टरची डबल बेल आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. "आमाला मागलं दिसत नाय, ताई. कोन चढतंय, कोनाचा पाय पायरीवर हाय, ते त्याला ठावं. आमी नुसतं पुढं बघून बसायचं." त्या दिवसापासून ते कुत्र्याला कंडक्टर म्हणायला लागले. असं त्याला नाव पडलं.

मग रोज दुपारी चारला ड्रायव्हर वर यायचे. माझं दार उघडं असायचं, ते उंबऱ्याबाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर पाठ करून बसायचे, काठी खालच्या पायरीवर आडवी. खांद्यावरून मागे उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे टाकायचे, लांब, पार माझ्या मशीनपर्यंत. पहिले पंधरा दिवस ते उठून गेल्यावरच तो बाहेर येऊन खायचा. नंतर ते असताना खायला लागला. महिनाभराने दोन हात पुढे आला. मग एका दुपारी काठी घसरली आणि खडखडत सगळा जिना उतरून खाली गेली. कंडक्टरसाहेब मशीनखाली गेले ते दोन दिवस निघाले नाहीत. ड्रायव्हर जिन्यात डोळे पुसत बसले. "माझ्यामुलं झालं. एक महिन्याचं काम पानी झालं." मी ब्लाउजचं उरलेलं अस्तर घेतलं आणि त्यांच्या काठीला खालपासून वरपर्यंत जाड खोळ शिवली. आता ती पडली तरी आवाज करत नाही. बिल्डिंगमधली पोरं हसतात, काठीला बाही शिवली म्हणून. हसू देत.

हे सगळं मी मशीनवर बसून बघत असायचे. दारातून मला फक्त ड्रायव्हरांची पाठ दिसायची, घामाने ओला झालेला सदरा आणि थोडी झुकलेली मान. एका दुपारी माझा हात चाकावर तसाच थांबला, कारण ही पाठ मी ओळखत होते. त्या चाव्यानंतर तू माझं ताट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवायला लागलीस. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, कधी वालाचं बिरडं. ताट ठेवून आत जायचीस आणि चुलीकडे तोंड करून बसायचीस. जवळा निवडायचीस, निखारे सारायचीस, काही काम नसलं तर नुसती बसायचीस. मी येऊन ताट उचलायचे आणि ओटीवर जाऊन खायचे. आळीत म्हणायचे, सावत्र ती सावत्रच, पोरीला कुत्र्यासारखं उंबऱ्यावर वाढते. हे तुझ्या कानावर गेलं होतं, मला माहीत आहे, कारण पाणवठ्यावर ते माझ्यासमोरच तुला ऐकवलं गेलं. तू हंडा उचलून घरी आलीस आणि माझं ताट उंबऱ्यावरच ठेवलंस. मी ते नेहमीसारखं उचलून नेलं. आणि बाबा एकदा जेवताना खेकसले, "आई म्हन तिला, नाय तं उठ ताटावरनं." तेव्हा तू पाठमोरीच म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या. तिला वाटंल तवा बोलंल. नाय बोलली तरी तिचं जेवन काय अडनार नाय." कुठल्या डॉक्टरीणबाईंनी तुला हे शिकवलं होतं? मिठागरात सहीऐवजी अंगठ्यावर निभावलेली बाई तू. कुणी काही सांगितलं नव्हतं आणि तुला सगळं येत होतं.

मी पनवेलला शिवणक्लासला जायला लागले त्या सकाळी उंबऱ्यावर ताटाशेजारी नवी कात्री होती. कापडात गुंडाळलेली, पात्यांना तेल लावलेलं. तू चुलीकडे तोंड करून. मी कात्री घेतली, पिशवीत टाकली आणि गेले. तीच कात्री आत्ता माझ्या समोर आहे. धार लावून लावून पाती अर्ध्यावर आली आहेत. लोक विचारतात, बाई, नवी का घेत नाही, तर मी सांगते की हाताला हिचीच सवय आहे. खरं कारण सांगायला तोंड उघडावं लागतं.

मागच्या बुधवारी ते झालं. चारची वेळ. ड्रायव्हर पाठ करून बसलेले. त्यांनी मागे तुकडा टाकला, आणि कंडक्टरने तो खाल्ला नाही. त्याच्यावरून ओलांडून पुढे गेला. उंबऱ्यापाशी थांबला. मान लांब केली, ड्रायव्हरांच्या सदऱ्याचा वास घेतला, कॉलरपासून खाली. ड्रायव्हर ओठही न हलवता कुजबुजले, "ताई, हाय काय मागं?" मी म्हटलं, "आहे." "मंग आमी हलत नाय." तो किती वेळ तसाच उभा होता कोण जाणे. मग वळून पायरीवर उतरला, त्यांच्या मांडीला अंग लावून बसला आणि त्याची शेपटी उघड्या दारावर आपटली. धप, धप. ड्रायव्हर, एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, तोंडात पंचाचा बोळा धरून रडत होते, तो बिचकू नये म्हणून.

आज संध्याकाळी तो त्यांच्याबरोबर खाली गेला. माझी बॅग भरून झाली आहे, सोमवारी पुणे. जिना उतरताना ड्रायव्हरांच्या काठीच्या बाजूनेच चालत होता. खालच्या मजल्यावर एक अनोळखी बाई वर येत होती, तिला बघून भिंतीला लागला, पण मग पुढे झाला. एकदाही मागे वळून बघितलं नाही. मला बरं वाटलं, आणि वाईट इतकं वाटलं की मशीनवरचं कापड तसंच टाकून बसले आहे. त्याच्यासाठी रडते आहे असं सुरुवातीला वाटलं.

तू पनवेलच्या हॉस्पिटलात कावीळ होऊन पडलीस तेव्हाचं मला सांगायचं आहे. तुला हात उचलवत नव्हता. मी घरून डबा आणायचे, मऊ भात, लिंबाचं लोणचं. डबा तुझ्या कॉटजवळच्या स्टुलावर ठेवायचे आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहायचे. तुझ्याकडून शिकलेलं तेवढंच मी तुझ्यावर वापरलं. घास आया भरवायची. एकदा तिने मला विचारलं, "या तुमच्या कोण?" मी म्हटलं, "घरच्याच आहेत." तू ऐकलंस. एवढंच विचारलंस, "तू जेवलीस काय?" मी हो म्हटलं. जेवले नव्हते. दुसऱ्या सकाळी डबा घेऊन आले तर कॉट धुवायला काढली होती.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी घाबरट पोरगी होते, आई नसलेली, मला वेळ लागला असता, तू लवकर गेलीस. या कुत्र्याने ते माझ्याकडून काढून घेतलं. त्याची भीती ज्या दिवशी संपली, त्याच दिवशी तो पायरीवर जाऊन बसला. एक दिवससुद्धा खोटा घाबरला नाही.

मी नऊ वर्षांची होते. लावणी संपली होती. शाळेतून आले तर तू चुलीपाशी आडवी होऊन झोपली होतीस, तोंड माझ्याकडे, गालाला तांदळाचं पीठ. उठवायला कुणी नव्हतं. मी उंबरा ओलांडून आत आले आणि तुझ्या अंगाला लागून बसले. तुझ्या लुगड्याला चिखलाचा आणि धुराचा वास येत होता. मी वाट बघितली, भीती येते का याची. आली नाही. मग तू कूस बदललीस आणि मी उठून ओटीवर पळाले, आणि संध्याकाळी तू ताट उंबऱ्यावर ठेवलंस तेव्हा नेहमीसारखी मान खाली घालून घेऊन गेले. त्यापुढची पंधरा वर्षं मला तुझी भीती नव्हती. मी नुसती तशी वागत राहिले. का, ते मला अजून सांगता येत नाही. सवय असेल, हट्ट असेल, किंवा तू अशी वाट बघत बसलेली मला आवडत असशील.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. कात्रीच्या कापडात गुंडाळून ठेवते आणि दिवा मालवते. पण एक सांगायचं राहिलं. तू चुलीकडे तोंड करून बसायचीस तेव्हा मी ताट घेऊन लगेच जात नसे. हातात ताट धरून थोडा वेळ तिथेच उभी राहायचे, तुझ्या पाठीकडे बघत. एकदा जरी वळली असतीस तरी मी पळाले नसते. पण तुला मागलं दिसत नव्हतं, आणि मला दिसत होतं.